आठ महिने माल्ट घरी भरडल्यावर

मिशिगनला आमच्या गॅरेजमध्ये दोन रोलरची माल्ट मिल, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं जव (माल्ट) भरडायचं यंत्र, येऊन आठ महिने झाले. एव्हाना चौदा वेळा बिअर लावून झाली आहे, म्हणून आता खात्रीने लिहितो. (इथे घरी बिअर करायला कायद्याने मुभा आहे. दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन.)

आधी माल्ट दुकानातूनच भरडून आणायचो. तिथली भरड जाडी असायची, अख्खे दाणेही सापडायचे. सव्वाचार किलो माल्टच्या १९ लिटर बिअरमध्ये ग्रॅव्हिटी (रसाची घनता, त्यावरून किती साखर उतरली ते कळतं) १.०४४ च्या वर जायची नाही. आता तेवढ्याच मालात १.०५० मिळते.

पण ते लगेच जमलं नाही. माल्ट दळायचं नसतं, भरडायचं असतं. आतला पांढरा गर फुटावा आणि टरफल शक्य तितकं अखंड राहावं, कारण रस गाळताना त्याच टरफलांचा थर गाळणीचं काम करतो. तिसऱ्या खेपेला मी जास्त साखर उतरावी म्हणून रोलरमधलं अंतर ०.७ मिलिमीटरवर आणलं. टरफलांचा चुरा, मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीचा) चिखल, आणि नळाला धारच येईना. रात्रीचे अकरा वाजले.

मे महिन्यात आई आली होती. तिनं जात्यावर खूप तूर भरडली आहे. भरड चिमटीत धरून तिनं चोळली आणि विचारलं, "अरे, आधी पाण्याचा हात लावत नाहीस का?"

तेव्हापासून लावतो. मालाच्या वजनाच्या दोन टक्के पाणी, म्हणजे सव्वाचार किलोला ८५ ग्रॅम, फवाऱ्यानं शिंपडून हातानं कालवायचं आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. तुरीला पाणी लावतात टरफल सुटावं म्हणून, माल्टला लावायचं ते तुटू नये म्हणून. टरफल चामड्यासारखं लवचीक होतं, दाणा चेपून गर बाहेर पडतो. रस इतका सरळ उतरतो की पहिल्यांदा मला फार आनंद झाला. पाणी जास्त झालं तर मात्र रोलरला लगदा चिकटतो आणि गंज धरतो. मिल धुवायची नाही, कोरड्या ब्रशनंच झाडायची.

तक्रार एकच, पण मोठी. रोलरमधल्या अंतराच्या डायलवर १.० मिलिमीटर लिहिलेलं असताना फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलं तर १.१५ भरलं. शिवाय मिल फिरवणाऱ्या ड्रिलच्या थरथरीनं स्क्रू ढिले होतात, म्हणून दर वेळी दोन्ही टोकांना मोजतो. ड्रिल अगदी सावकाश चालवायचं.

गहू बारीक आणि कडक, त्याला ०.९ लावून वेगळा भरडतो. त्याला टरफल नसतं, म्हणून मॅशमध्ये भाताचं तूस मिसळतो.

भरडायचं काम गॅरेजमध्येच ठेवा. माल्टच्या धुळीत बिअर आंबट करून नासवणारे जिवाणू असतात, फर्मेंटरजवळ (बिअर मुरते त्या भांड्याजवळ) ती उडता कामा नये.

महिन्यातून एकदा तरी बिअर लावत असाल तर मिल घ्याच. ५५ पौंडांचं अख्खं पोतं स्वस्त पडतं, आणि बंद डब्यात कोरडं राहिलं तर वर्षभर टिकतं.