शेतातून संसदेकडे: चळवळीची वाट की संस्थेची?

ग्रामपंचायतीत निवडून आलात, घरी ऊस आहे आणि आता पुढे जायचंय. मग दोन माणसांची वाटचाल शेजारी ठेवून बघा: कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातले राजू शेट्टी आणि नगर जिल्ह्यातल्या लोणीचे बाळासाहेब विखे पाटील.

शेट्टी २००२ ला जिल्हा परिषदेत गेले, २००४ ला अपक्ष आमदार झाले, २००९ आणि २०१४ ला हातकणंगल्याचे खासदार. पाठीशी कारखाना नव्हता, उसाच्या दराचा लढा होता. तोडणीची टोळी येत नाही, उसाला तुरे फुटलेत, वजन घटतंय आणि बिल अजून खात्यावर नाही. ते चौदा दिवसांत द्या, असं कायदा सांगतो. या अवस्थेतल्या माणसाला शेट्टींच्या संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला न्यायला गाडी पाठवावी लागत नाही. पहिल्या उचलीचा, म्हणजे ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा ऐकायला तो आपणहून येतो. अशाच लोकांनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत निवडणुकीचा खर्चही उचलला. ही कमाई मला फार मोठी वाटते.

पण किंमतही पाहा. २०१७ ला ते एनडीएतून बाहेर पडले, २०१८ ला हमीभाव आणि कर्जमुक्तीची खासगी विधेयकं लोकसभेत मांडली. ती मंजूर झाली नाहीत. २०१९ ला हरले, २०२४ ला पुन्हा हरले. सत्ता नसली की कार्यकर्त्याला द्यायला हातात काहीच उरत नाही.

विखेंचं उलटं. वडील विठ्ठलरावांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला होता. त्या पायावर बाळासाहेबांनी नगर जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद, १९७१ पासून खासदारकी आणि वाजपेयी सरकारात मंत्रिपद मिळवलं. काँग्रेस, शिवसेना, पुन्हा काँग्रेस असे पक्ष बदलले, तरी कारखाना, कॉलेजं, दवाखाना जागेवर राहिले. लोणीच्या पोरीला इंजिनिअरिंगसाठी पुण्याला जावं लागलं नाही, हे काम कुठल्याही भाषणापेक्षा टिकाऊ.

मात्र ही वाट वारशानं मिळते. नवा कारखाना काढणं आज तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही, आणि संचालक झालात की दर मागणाऱ्यांच्या समोरच्या खुर्चीत बसावं लागतं.

म्हणून माझा कौल चळवळीला. फक्त सोबत गावची विकास सोसायटी, म्हणजे पीककर्ज देणारी सहकारी संस्था, हातची सोडू नका. आणि ठरवण्याआधी एकदा कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहून वजनकाट्यावर प्रश्न विचारा. त्या दिवशी शेजारी कोण उभं राहतं ते बघा.