पाच नगांचा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर सेट: कामाचा, पण अटी लागू

उलट्या आट्यांचे, निमुळते पाच एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटक्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात घालायचे आणि उलटे फिरवून बोल्ट बाहेर काढायचे. १ नंबर ३ ते ६ मिमीच्या बोल्टला, ३ नंबर ८ ते ११ मिमीला, ५ नंबर १४ ते १८ मिमीला. ८ मिमीच्या तुटक्या बोल्टवर ३ नंबर चांगला पकडतो, पण आधी सेंटर पंच (भोकाच्या जागी खूण पाडणारं टोकदार हत्यार) मारून अगदी मधोमध ४ मिमीचं भोक पाडायला हवं. भोक तिरकं गेलं तर बोल्ट राहतो बाजूला, आटेच खराब होतात.

सेटमधली खरी गोम १ आणि २ नंबरात आहे. ते बारीक, आणि कडक पोलादाचे म्हणून ठिसूळ. आत तुटले तर साध्या ड्रिलने कापले जात नाहीत. गंजलेल्या बोल्टला आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, आजूबाजूला रबर किंवा प्लास्टिक नसेल तर तेल नीट पुसून मग शेक द्या. फिरवायला टॅप हँडलच (दोन्ही बाजूंनी धरून फिरवायची आडवी मूठ). पाना एका बाजूने ताण देतो आणि एक्स्ट्रॅक्टर मोडतो.

नुसती खाच झिजलेला, डोकं वर असलेला स्क्रू असेल तर हा सेट काढूच नका, लॉकिंग पक्कड पुरते. डावे ड्रिल बिट (उलट्या दिशेने फिरून भोक पाडणारे) सोबत नाहीत, ही मोठी उणीव. भोक पाडतानाच बोल्ट पुष्कळदा त्यांनीच सुटतो.