बीलेफेल्डची ‘रेशमी’ नोट आणि माझे 18,850 रुपये

नोटगेल्ड, म्हणजे जर्मन शहरांनी अडचणीच्या काळात काढलेल्या नोटा, जमवणाऱ्यांनी हे वाचाच. पहिल्या महायुद्धात तांबं-निकेल दारूगोळ्याकडे वळलं, सुटे पैसे मिळेनात, म्हणून जर्मन शहरांनी पफेनिगच्या (मार्कचा शंभरावा भाग) कागदी नोटा काढल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. युद्धानंतर लोक त्या जमवायला लागल्यावर शहरांनी खास संग्राहकांसाठी चित्रांच्या मालिका छापल्या. त्या ढिगाने छापल्यात. 50 पफेनिगची असली मालिका कुणी ‘दुर्मिळ’ म्हणून गळ्यात मारू लागला तर सरळ फोन ठेवा.

मला हवी होती जर्मनीतल्या बीलेफेल्ड शहराची, तिथल्या बचत बँकेने 1921 मध्ये रेशमावर छापलेली 25 मार्कची. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकली. 18,500, वर कुरिअरचे 350. आधी 5,000 पाठवले, मग 13,850. माणूस ग्रुपवर जुना, चार जाणत्यांनी ‘भरवशाचा’ म्हणून सांगितलेला. तुम्हीही दिले असते.

नोट उजेडासमोर धरून फोटो पाठवा म्हटलं, तर आधीचाच फोटो कापून मोठा करून आला. वर म्हणतो कसा, “दादा, पाकिटातून काढू नका हां, शंभर वर्षांचं रेशीम आहे, विरेल.” आणि मी म्हटलं, वा, किती जपणारा माणूस! अजून ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. उजेडातला फोटो देत नसेल तर पैसे देऊ नका, बस.

नोट हातात आल्यावर यूव्ही टॉर्चखाली धरली, तर ती निळीपांढरी लखलखली. कडेचा दोरा ओढून जाळला. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटाने चुरडते. हा वितळून टणक मणी झाला. 1921 सालात पॉलिएस्टर!

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, “ही नोट चालते का?” नाही म्हटल्यावर, “मग बनावट कशी?” बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. सायबरवाले म्हणतात वस्तू मिळाली ना, ग्राहक मंचात जा. ॲडमिनला सांगितलं तर “आपसात मिटवा, ग्रुपचं वातावरण बिघडवू नका”, आणि संध्याकाळी मलाच काढलं! पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, माझ्यासारखे बँकेच्या रांगेत वेळ घालवू नका. चॅट पुसू नका.

तो अजून विकतोय. आता 16,000 ला. फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात पाकिटाला चिकटपट्टीचा तुकडा दिसेल, तोच फोटो.