जुन्या कमांडरला घरी बनवलेलं मीटर पॅनल: धुळ्याचा एक उन्हाळा काढल्यानंतर

उन्हात टिकलं, हे आधी सांगतो. दिवाळीनंतर बसवलेलं पॅनल आता निम्मा पावसाळा पाहून झालंय. गाडी जुनी महिंद्रा कमांडर, डिझेल. मूळचा टेम्परेचरचा काटा कधी झोपलेला, कधी थेट लालमध्ये. त्याच्या भरवशावर माल भरून कन्नडचा घाट चढायचा म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. म्हणून तीन मीटर घेतले: पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट. तिन्ही ५२ मिलिमीटरचे, कारण या मापाचे मीटर सहज मिळतात.

पत्रा २ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा. ॲक्रेलिक कापायला सोपं, पण मे महिन्यात काचा लावून उभ्या गाडीत ते वाकायची भीती, आणि स्क्रू जरा जास्त आवळला की तडकतं. पुठ्ठ्याचा नमुना आधी डॅशवर लावून बघाच. भोक ५२चं असलं तरी मीटरची कड त्याहून मोठी असते, त्यामुळे एका भोकाच्या केंद्रापासून दुसऱ्याच्या केंद्रापर्यंत ७० मिलिमीटर तरी ठेवा. मागे वायपरची पट्टी फिरते, तिलाही जागा लागते.

मीटर बसवताना थोडे फिरवून घेतले. गाडी ठीक चालत असली की तिन्ही काटे सरळ वर उभे राहतात. आकडे तिरपे दिसतात, शेजारी बसणारा हसतो, हसू दे. घाटातल्या वळणावर आकडे वाचायला वेळ कोणाला असतो? एक काटा कलला की नजरेत भरतो. सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वात उपयोगाची ठरली, आणि तिला पैसाही लागला नाही.

वायरिंगबद्दल पारोळा रोडवरच्या मिस्तरीभाऊंचं एकच म्हणणं होतं, "अर्थिंग पक्कं करा भाऊ, बाकी बठ्ठं चालस." माझ्या सेंडरला (इंजिनवर बसून मीटरला माप पाठवणारा सेन्सर) एकच वायर येते, परतीचा करंट त्याच्या आट्यांतून इंजिनच्या धातूत जातो. तिथे टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली की तो रस्ताच अडतो आणि काटा वाटेल ते दाखवतो. सेंडर मीटरच्याच जोडीचा हवा. दुसरा आट्यांत बसेलही, पण त्याचे ओहम (विजेला होणारा अडथळा) वेगळे, म्हणजे आकडा खोटा. मीटरच्या काळ्या वायरी एकत्र करून रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टने आवळल्या. फीड इग्निशनवरून, ३ अँपिअरच्या फ्यूजमधून.

जुन्या जीपना असायचा तो अँपिअर मीटर मुद्दाम टाळला, त्यासाठी चार्जिंगचा जाड करंट डॅशपर्यंत आणावा लागतो. व्होल्टमीटर पुरतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. ऑइलचा मीटरही इलेक्ट्रिकच घेतला, गरम ऑइलची नळी पायाशी कशाला हवी?

मे महिन्यात घाटात तापमानाचा काटा वर सरकला आणि त्याच वेळी व्होल्ट खाली आले. एकटा काटा हलला असता तर रेडिएटर उघडून बसलो असतो. दोन्ही एकदम म्हणजे फॅन बेल्ट, कारण या गाडीत वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोन्ही त्याच बेल्टवर फिरतात. बेल्ट ढिलाच निघाला. रस्त्याच्या कडेला आवळला आणि पुढे निघालो. पॅनलचे पैसे तिथेच वसूल.

आता तक्रारी. कार्बन फिनिशचं व्हिनाइल एप्रिलमध्येच फुगलं. ते सोलून मॅट काळा रंग मारला. उघडा पत्रा ठेवायची सोय नाही, दुपारी त्याची तिरीप समोरच्या काचेत येते. मीटरचा निळा दिवा रात्री साक्री रोडवर डोळ्यांत खुपायचा, तो बदलून पिवळा टाकला. व्होल्टमीटरच्या काचेत आतून धूळ बसलीय, तिला उपाय सापडलेला नाही.

नव्या गाडीवाल्यांनी या भानगडीत पडू नये. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) छोटा ॲडॅप्टर लावला की तापमान आणि व्होल्ट मोबाइलवर दिसतात. जुनी गाडी असेल तर जरूर करा, फक्त सेंडरचे आटे आणि ओहम पॅनलच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. दुकानदार तेच आधी विचारतो.