बीटलबरोबर १९ महिने: इंजिनाची हमी आहे, डोळ्याची नाही

गाडी २०१६ची फोक्सवॅगन बीटल, लाल, पेट्रोल, ऑटोमॅटिक. नाशिकच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा ३१ हजार किलोमीटर झाले होते, आज ४५ हजारांच्या थोडं पुढे आकडा आहे. म्हणजे १९ महिन्यांत चौदा हजार. रोजचं कोथरूड ते बाणेर, महिन्यातून एकदा साताऱ्याला आईकडे, दोनदा कोकण आणि एकदा थेट गोवा.

घेताना ही गाडी आता बनत नाही हे मला पक्कं माहीत होतं. १० जुलै २०१९ला मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून शेवटची बीटल बाहेर पडली, निळ्या रंगाची. तिला निरोप द्यायला मारियाची, म्हणजे मेक्सिकोचं लोकसंगीत, वाजवणारे आले होते, आणि ती विकली न जाता तिथल्याच संग्रहालयात गेली. ती बातमी वाचून मी दिवसभर उदास होते, आणि तेव्हा तर गाडी घ्यायचा विचारही मनात नव्हता. पण ‘उत्पादन बंद’ या दोन शब्दांचा रोजच्या वापरात अर्थ काय, हे गाडी दारात उभी राहिल्यावरच हळूहळू कळत गेलं. मी त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे. घेण्याआधी शोधाशोध करत होते तेव्हा मायलेज आणि पिकअप सगळीकडे वाचायला मिळालं, हे कुठे मिळालं नाही.

चालवण्याचं आधी सांगून टाकते. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद १५० पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शहरात लिटरला नऊ-दहा, हायवेला शांतपणे चालवली तर पंधरा. खंबाटकीत ट्रकमागे अडकल्यावर जागा मिळाली की पाय दाबायचा, गाडी पटकन पुढे होते. चार माणसं आणि सामान असलं तरी दम लागत नाही. सस्पेन्शन कडक बाजूला झुकलेलं आहे, खड्ड्यांत जाणवतं, पण वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. गतिरोधकावर मात्र तिरकी घालूनच चढवायची सवय लागते. डिकी ३१० लिटर, दोघांच्या चार दिवसांच्या सामानाला पुरते.

दारं दोनच. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून, कंबर मोडून आत शिरावं लागतं. माझ्या आईचं वय ७४, गुडघे दुखतात, त्यामुळे मागे बसण्याचा प्रश्नच येत नाही. ती कायम पुढे बसते आणि मागे भाचे. मेक्सिको शहरात जुन्या बीटलच्या हजारो टॅक्सी होत्या, त्यांची अडचण नेमकी हीच. तिथल्या चालकांनी सरळ ड्रायव्हरशेजारची पुढची सीटच काढून टाकली, म्हणजे गिऱ्हाईक थेट मागच्या बाकावर जाऊन बसायचं. त्या देशात या गाडीला लाडाने ‘व्होचो’ म्हणतात. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग त्यांच्या आयांनी काय करायचं?” आणि पुढच्या सीटचा पट्टा लावून बसली.

आतली माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे डॅशबोर्डावरचा वरचा कप्पा. डॅशबोर्डाची पट्टी बाहेरच्याच लाल रंगाची आहे आणि त्यात नेहमीच्या ग्लोव्ह बॉक्सच्या वर आणखी एक छोटा कप्पा, झाकण वरच्या बाजूला उघडणारा. मूळ बीटलमध्ये असायचा तशाच ढंगाचा. त्यात काही फार मावत नाही. पण प्रत्येक नवा माणूस गाडीत बसला की आधी तोच उघडून बघतो.

आता मुद्द्याकडे.

दाराच्या काचेला वरून चौकट नाही. हँडल ओढलं की काच आपोआप जेमतेम एक सेंटिमीटर खाली सरकते, दार मोकळं होतं, आणि दार लागलं की पुन्हा वर जाऊन रबरात घट्ट बसते. पहिल्या पावसाळ्यात मी कारंज्याखाली उभं राहावं तशी त्या दाराकडे बघत उभी होते. थेंब रबराच्या कडेने ओघळत होते आणि आत एकही येत नव्हता. म्हणजे पुण्याच्या पावसात ही गाडी कोरडी राहते ती त्या रबराच्या जिवावर. ते रबर दुसऱ्या कुठल्याही गाडीचं बसत नाही. आता दर दोन महिन्यांनी मी ओल्या फडक्याने धूळ काढून त्यावर सिलिकॉनचा हलका हात फिरवते. आणि बॅटरीची काळजी घेते, कारण बॅटरी पूर्ण उतरली तर काच खाली सरकत नाही आणि दार उघडताना रबराला घासते. बॅटरीचा आणि पावसाच्या पाण्याचा असा संबंध असेल हे मला कधी सुचलं नसतं.

मग हेडलाइट. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मंडईजवळ रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने पुढून उजव्या बाजूला धक्का दिला. बंपरला ओरखडा, फेंडरला काही नाही, पण दिवा फुटला. टेम्पोवाला बिचारा घाबरला होता, चूक मान्य करून मोकळा झाला. मी गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजवर नेली. तिथल्या दादांची एक पद्धत आहे: खराब भाग हातात आला की आधी त्यावरचा क्रमांक वाचायचा. या गाडीच्या सांगाड्याचं आणि इंजिनाचं सामान गोल्फ-जेट्टाच्या घरातलं. तीच जेट्टा आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जायची. त्यामुळे खालच्या बऱ्याचशा भागांवर ‘१के’ने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि तो दिसला की दादा निश्चिंत. बीटलच्या स्वतःच्या भागांचा क्रमांक ‘५सी’ने सुरू होतो. त्यांनी दिव्याची मागची बाजू उलटी करून बघितली, फडक्याने पुसली आणि म्हणाले, “ताई, इंजिन अजून दहा वर्षं चालवून देतो. ह्या डोळ्याचं मला सांगता येत नाही.”

दिवा मिळायला ७४ दिवस लागले.

पहिल्यांदा मला अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे जवळपास नवा दिवा सापडला, किंमतही बरी. मी पैसे भरायच्या बेतात होते. दादांनी थांबवलं. संध्याकाळी गाडी गॅरेजच्या भिंतीसमोर उभी केली, शाबूत असलेला डावा दिवा लावला आणि भिंतीवरचा प्रकाश दाखवला. डिपरचा पट्टा सरळ नव्हता. डावीकडे किंचित वर चढत होता, पदपथाच्या बाजूला, आणि उजवीकडे खाली दबलेला होता, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाऊ नये. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तिथल्या दिव्याचा पट्टा बरोबर उलट चढतो. तो इथे बसवला असता तर कात्रजच्या घाटात समोरच्याला आंधळं केलं असतं. म्हणजे जगात बीटल कितीही असोत, माझ्या कामाची फक्त डावीकडून चालणाऱ्या देशांतली: ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया. शेवटी ब्रिटनमध्ये मोडीत काढलेल्या एका गाडीचा दिवा मिळाला, वापरलेला, काचेवर बारीक चरे असलेला. वाहतूक आणि आयात शुल्क धरून किंमत भारतात एखाद्या साध्या स्कूटरची असते तितकी झाली. ते ७४ दिवस मी गाडी अंधार पडल्यावर बाहेर काढली नाही.

या काळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती अजून मनातून जात नाही. ओळखीतल्या एका काकांकडे मूळ बीटल आहे, १९६७ची, मागे एअर-कूल्ड इंजिन असलेली. मला वाटलं होतं ते माझ्यापेक्षा जास्त अडचणीत असतील. त्यांना तर हेडलाइटची काच आठवड्याभरात मिळते! दाराची रबरं, मडगार्ड, पायदान, कार्ब्युरेटरचं किट, सगळं नवीन बनवून विकणारे लोक जगभर आहेत. कारण साधं आहे. मूळ बीटल २ कोटी १५ लाखांवर बनली. तिची शेवटची गाडी, क्रमांक २१५२९४६४, ३० जुलै २००३ला त्याच पुएब्लातून निघाली. एवढ्या गाड्या असल्या की छोट्या कारखान्यालाही साचा बनवणं परवडतं. शिवाय तिचं इंजिन चार बोल्टवर लटकलेलं, अंगणात उतरवता येतं. काका ते स्वतः करतात. माझी गाडी तिच्या आठवणीवर बेतलेली. १९९४ला डेट्रॉइटच्या प्रदर्शनात जे मेज आणि फ्रीमन थॉमस यांनी आखलेली संकल्पना-गाडी ठेवली, लोक वेडे झाले, त्यातून १९९८ची न्यू बीटल आली आणि पुढे २०११ची ही. या शेवटच्या पिढीच्या सगळ्या मिळून पाच लाखांच्या आसपास, त्यातही उजव्या स्टिअरिंगच्या थोड्याच. एवढ्यांसाठी दिव्याचा साचा कोण बनवणार?

म्हणजे होतं असं, की ज्या भागांमुळे मी ही गाडी घेतली, तो गोल डोळा, तो फुगीर फेंडर, ती बिनचौकटीची काच, नेमके तेच मिळत नाहीत. आणि जे भाग आतमध्ये आहेत, कुणाला दिसत नाहीत, ज्यांच्याबद्दल मला काही खास वाटत नाही, ते उद्या सकाळी मिळतील. जुन्यासारखी दिसते म्हणून घेतलेल्या गाडीला जुन्या गाडीची सोय मिळत नाही. मला हे मनापासून लागलं. फार महाग आणि फार नाजूक झालेल्या वस्तूबद्दल जी माया येते ती आता मला या गाडीबद्दल येते. पार्किंगमध्ये मी भिंतीकडे तोंड करून ती लावते, डोळे आत.

भारतात ती पहिल्यापासून थोडीच आली. डिसेंबर २०१५ला आली तेव्हा मुंबईत शोरूम किंमत २८.७३ लाख होती, पूर्ण बनवून आणलेली गाडी, त्यावर भरभक्कम आयात कर. त्या पैशात लोक मोठी एसयूव्ही घेत होते आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पुएब्लातही बीटलच्या जागी एसयूव्हीच बनवायचं ठरलं. मी मूळ किमतीच्या निम्म्याहून थोडी जास्त रक्कम दिली.

कुणी वापरलेली घ्यायला निघालं असेल तर माझं ऐका: बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा. आधी दोन्ही हेडलाइट आतून धुरकट झालेत का ते बघा. दाराच्या रबरावरून बोट फिरवा, भेग किंवा चपटलेला भाग लागतो का पाहा. दार पाच वेळा उघडबंद करून काच दर वेळी खाली-वर होते का बघा. फेंडर आणि बंपरच्या मधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते पाहा. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांची तपासणी कुठलाही चांगला मेकॅनिक करेल आणि बिघाड निघाला तर सामान मिळेल. विम्यात झीरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापता भरपाई देणारी सोय, घ्याच, आणि हेडलाइट बदलल्यास किती रक्कम मिळणार ते आधी लेखी विचारा.

गाडी पेट्रोल पंपावर उभी राहिली की अजूनही कुणीतरी विचारतं, “जुनी आहे का हो?” परवा एक आजोबा जवळ येऊन फेंडरवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या तरुणपणी मुंबईत त्यांच्या साहेबांकडे अशीच होती म्हणाले, इंजिन मागे होतं. माझ्या गाडीचं पुढे आहे हे ऐकून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, नीट बघितलं, आणि मग माझ्या ब्रिटनहून आलेल्या दिव्याकडे बोट दाखवून विचारलं, “ह्याच्यावर चरे कसे पडले?” मी सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, “दुसराही आणून ठेव बाई.”

मागच्या आठवड्यात डावा दिवा आला. त्याच ब्रिटनच्या माणसाकडून, अजून फुटलेला नसताना मागवलेला, सोबत दोन्ही दारांची रबरं. रबरं गुंडाळी न करता सरळ पसरून ठेवायची असं दादांनी बजावलंय. दिवा आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी ठेवला आहे.