सीएसआर फंड मिळवून देतो म्हणून आमच्या संस्थेचे 70,800 रुपये गेले

हे लिहायला मला चार महिने लागले कारण लाज वाटत होती. आमची संस्था छोटी, काम नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात. नागली (नाचणी), वरई अशा भरडधान्यांचं गावठी बियाणं जपायचं, घरामागं परसबागा लावायच्या, पावसाळ्यात घरातलं धान्य संपत येतं तेव्हा पोरांच्या ताटात काहीतरी असावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. धर्मादायची नोंदणी, 12ए आणि 80जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी, सगळं झालेलं, तरी कंपन्यांना मेल टाकून टाकून थकलो होतो, उत्तरच यायचं नाही.

जानेवारीच्या शेवटी एक फोन आला. समोरचा माणूस थेट आमच्या संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, अध्यक्षांचं नाव सांगून बोलायला लागला, म्हणाला ताई तुमचं मिलेटचं काम बघितलंय, आमच्या कंपनीला 31 मार्चच्या आत सीएसआर खर्च टाकायचाय, 24 लाखांचा प्रस्ताव पाठवा. मला वाटलं एवढी माहिती आहे म्हणजे खराच असणार. नंतर कळलं की ही सगळी माहिती संस्थांची नोंद असलेल्या सरकारच्या दर्पण पोर्टलवर कुणालाही दिसत होती. आणि मार्चची घाई खरीच असते हो, कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात, उरले तर त्याचा हिशोब द्यावा लागतो, त्यामुळे वर्षअखेरीला पळापळ होतेच. त्याचं निम्मं बोलणं खरं होतं, म्हणून तर आम्ही अडकलो.

फेब्रुवारीत त्या कंपनीचे म्हणून दोघं जण गाडी घेऊन पाड्यावर आले. बायांनी औक्षण केलं, नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा असं जेवण केलं, कणगीतलं बियाणं काढून दाखवलं. एका आजीने कोणती नागली हळवी म्हणजे लवकर येणारी, कोणती गरवी म्हणजे उशिरा येणारी, कोणती उतारावर येते ते सगळं समजावून सांगितलं, त्यांनी व्हिडिओ काढले, वहीत लिहूनही घेतलं. निघताना एकजण म्हणाला आजी तुमच्या बियाण्यासाठी पक्की खोली बांधून देणार. आजीने त्याला ओंजळभर बियाणं दिलं. पैशांपेक्षा मला ती ओंजळ जास्त आठवते.

आठ दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं, मोठ्या कंपनीचा लोगो, सही, शिक्का सगळं व्यवस्थित. पत्रात लिहिलेलं की कायद्याप्रमाणे 5 टक्के प्रशासकीय खर्च संस्थेने आधी भरायचा, म्हणजे 1 लाख 20 हजार, त्यातले निम्मे आत्ता आणि निम्मे पहिला हप्ता आल्यावर. 60 हजार अधिक 18 टक्के जीएसटी असे 70,800 आम्ही भरले. त्यातले 40 हजार तीन बचत गटांनी दिलेले होते, बियाण्याची खोली होणार म्हणून.

आता 5 टक्क्यांचं नीट सांगते. सीएसआरच्या नियमात 5 टक्के आहेत, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा आहे, त्यात संस्थेने कंपनीला एक रुपया भरायचा प्रश्नच येत नाही. आम्ही नियम वाचलाच नव्हता, पत्रात कलम लिहिलंय म्हणजे बरोबर असेल असं धरून चाललो.

दहा दिवसांनी परत फोन, 24 लाख सोडायच्या आधी टीडीएसचे, म्हणजे त्यावरच्या करकपातीचे, 48 हजार भरा. तेव्हा आमचे खजिनदार गुरुजी म्हणाले, अहो टीडीएस कापून पैसे देतात, देणाऱ्याला आधी कोण भरतं? मग आम्ही 70,800 चं त्यांचं बिल बाहेर काढलं. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर सुरू होतो 07 ने, म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27 असतो. त्या नंबरात पुढची दहा अक्षरं पॅनची असतात, पॅनचं चौथं अक्षर कंपनीचं असेल तर सी, ट्रस्टचं असेल तर टी, इथे होतं पी, म्हणजे एका व्यक्तीचा पॅन. हे सगळं पहिल्या दिवशी दोन मिनिटांत बघता आलं असतं, जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही नंबर टाकून नाव दिसतं. खरी कंपनी असेल तर तिच्या वेबसाइटवरचा मेल आयडी किंवा फोन घेऊन सीएसआर विभागात विचारायचं, पत्रावरच्या नंबरवर नाही. आम्ही शेवटी तसा फोन लावला, तिकडच्या बाई म्हणाल्या असं पत्र आमच्याकडून गेलेलंच नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पैसे भरून 19 दिवस झालेले, खातं रिकामं. लगेच केला असता तर पैसे गोठवता आले असते कदाचित. तक्रार केलीये, पुढे काही नाही. बचत गटांचे 40 हजार आम्ही कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून परत दिले, बाया एक शब्द बोलल्या नाहीत, त्याने जास्तच वाईट वाटलं.

गप्पच बसणार होते. पण परवा पेठ तालुक्यातल्या एका संस्थेच्या ताईंनी मला मंजुरीचं पत्र दाखवायला आणलं, त्यांचं काम रानभाज्यांचं आहे. तेच पत्र, तेच 5 टक्के, फक्त संस्थेचं नाव बदललेलं, आणि तिसऱ्या पानावर आमच्या पाड्याचं नाव तसंच राहिलेलं. त्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत. गुरुवारी त्यांची मीटिंग आहे, मी आमचं बिल आणि पत्र घेऊन जातेय.