डाळिंब्यांच्या उसळीसाठी हाबास घ्यावेत की लायमा?

अमेरिकेत जवळपास इंडियन स्टोअर नसेल तर कडव्या वालांच्या जागी दोनच गोष्टी हाताशी येतात, मेक्सिकन दुकानातले सुके हाबास, म्हणजे फावा बीन्स, नाहीतर कुठल्याही सुपरमार्केटमधले मोठे लायमा बीन्स. दोन्ही बरीच वर्षं करून झालेत म्हणून लिहितोय.

सुट्या मालात चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, तेव्हा दाणाच बघून घ्या. वालाच्या कडेला जी लांब पांढरी शिवण असते ती या दोघांनाही नाही. हाबास तपकिरी, जाड, आणि एका टोकाला बहुतेक वेळा काळी रेघ. लायमा पांढरा, चपटा, आणि उजेडात धरला तर दाण्याच्या डोळ्यापासून पंख्यासारख्या बारीक रेषा निघालेल्या दिसतात, तशा ग्रेट नॉर्दर्न या दुसऱ्या पांढऱ्या बीनला नसतात.

चवीचं विचाराल तर हाबास वालाच्या जास्त जवळ, हे मान्यच करायला हवं. किंचित कडवटपणा आहे, वासही थोडा तसाच उग्र. लायमा त्यामानाने सौम्य, लोण्यासारखा.

पण सोलणं! आपल्याला डाळिंबी सोललेलीच लागते ना, आणि हाबासचं साल रात्रभर भिजवूनही चामड्यासारखं राहतं, प्रत्येक दाण्याला काळ्या टोकाशी नख लावायचं, फाडायचं, मग दाणा बाहेर काढायचा, चार माणसांची उसळ म्हणजे नखं दुखेपर्यंत काम. सोललेले पिवळे हाबास मिळतात, पण ते डोळ्यासमोर विरघळतात, त्यांची आमटी छान होते, उसळ नाही. आणि अख्खी डाळिंबी ताटात दिसली नाही तर ती उसळ मला तरी उसळ वाटत नाही. लायमा मात्र रात्रभर भिजवला की चिमटीत धरून दाबायचा, दाणा सुळकन बाहेर. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

लायमाचीही कटकट आहे. कुकरमध्ये फेस फार येतो आणि सुटी सालं शिट्टीत अडकू शकतात, म्हणून मी पातेल्यातच करतो. कच्च्या लायमात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जातींत ते कमी असलं तरी भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, ताजं पाणी घालून झाकण न ठेवता खळखळून उकळी काढायची, मग आच मंद. कच्चे दाणे तोंडात टाकायचे नाहीत, मुलांनाही सांगून ठेवा. हाबासमध्ये वेगळी काळजी, घरात कुणाला जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर ते आणूच नका, त्याने अशा माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

भिजवताना पाण्यात थोडं मीठ घाला, दाणा एकसारखा मऊ होतो. आमसूल आणि गूळ दाणा पूर्ण शिजल्यावरच, आंबट आधी पडलं की तो दडदडीत राहतो. कडवटपणा हवाच असेल तर फोडणीत चार मेथीदाणे टाका, हिंग जरा सढळ, वरून ओलं खोबरं.

हातात निवांत रविवार असेल आणि सोलायला घरातली दोनतीन माणसं बसणार असतील तर हाबास जरूर करून बघा, चव खरंच जवळची आहे. रोजच्या धबडग्यात मी लायमाचंच पाकीट उचलतो.